ढोलाला दचकतो, म्हणजे ऐकतो का?

पुण्यात आषाढ सरत आला की संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. आमचे घर म्हात्रे पुलापासून फार लांब नाही, त्यामुळे गणपती येण्याच्या बरेच आधीपासून दिवेलागणीच्या सुमाराला आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरू लागतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमचा नातू, तेव्हा वीस महिन्यांचा, जमिनीवर गाडी फिरवत बसला होता. पहिला ठोका पडला आणि तो दचकून आईच्या कुशीत शिरला. माझ्या यजमानांनी समाधानाने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि ते म्हणाले, "बघा, कान अगदी ठणठणीत आहेत. उगाच काळजी करता तुम्ही दोघी." त्यावर माझी सून, जी एरवी सासऱ्यांना उलट बोलत नाही, एवढेच म्हणाली, "बाबा, ढोल तर भिंतीलाही ऐकू येतो."

त्या वाक्याने आम्ही हललो, हे कबूल केले पाहिजे. कारण त्याआधी दोन महिने बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली श्रवणचाचणीची चिठ्ठी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली तशीच लटकत होती. नातवाला त्या वेळी मोजून पाच शब्द येत होते. त्याचे वडीलही उशिरा बोलले होते, मुलगे उशिराच बोलतात, घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळला असेल, अशी कारणे आम्ही आळीपाळीने पुढे करत होतो आणि त्यांतले प्रत्येक कारण ऐकायला बरे वाटत होते.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले. मुलांच्या भाषेतले आपल्याला बरेच कळते, असा माझा समज होता. परंतु सहा वर्षांचे मूल माझ्यासमोर बाकावर येऊन बसे तेव्हा त्याच्या भाषेची इमारत बहुतेक उभी राहिलेली असे. तिचा पाया कसा आणि कधी भरला जातो हे मी कधी पाहिलेच नव्हते. गेल्या दोन वर्षांत ते जवळून पाहायला मिळाले. त्यातून माझ्या मनात पक्की बसलेली गोष्ट अशी की, आपण घरातली माणसे मूल किती शब्द बोलते ते मोजत बसतो, आणि ज्या खुणा त्याहून कितीतरी आधी दिसतात, म्हणजे मूल काय ऐकते, काय समजते आणि आपल्याशी काय वाटून घेऊ पाहते, त्या आपल्या डोळ्यांसमोरून निसटतात.

दीड वर्षाच्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी शब्दांची संख्या विचारली, पण त्यावर ते रेंगाळले नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "बोटाने दाखवतो का?" आम्ही उत्साहाने सांगितले की हो, बिस्किटाचा डबा बरोबर दाखवतो. ते म्हणाले, "ते मागणे झाले. आकाशात विमान गेले तर तुम्हाला बोटाने दाखवून, तुम्ही पाहिले की नाही म्हणून तुमच्या तोंडाकडे बघतो का?" हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मागण्यासाठी केलेले बोट वस्तूसाठी असते. दाखवण्यासाठी केलेले बोट माणसासाठी असते, कारण त्यात मिळवायचे काही नसते, फक्त 'मी जे पाहतो आहे ते तूही पाहा' एवढीच इच्छा असते. साधारण वर्षाच्या आगेमागे मूल बोट करू लागते आणि दीड वर्षापर्यंत असे दाखवणे दिसायला हवे. शब्द येण्याआधीचे हे संभाषणच असते. ते दिसत नसेल, मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, नजरेला नजर कमी देत असेल, किंवा काही हवे असताना बोट न करता आपला हात धरून एखाद्या साधनासारखा वस्तूपर्यंत नेत असेल, तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दिशेने तपासणी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी दीड व दोन वर्षांच्या वयात पालकांना विचारायची ठरावीक प्रश्नावली डॉक्टरांकडे असते.

आमचा नातू विमाने दाखवत असे. लोहगावकडे जाणारे प्रत्येक विमान त्याने आम्हाला दाखवलेले होते. त्यामुळे डॉक्टरांनी त्या बाजूची काळजी तूर्त कमी केली आणि दुसरी परीक्षा घेतली. त्यांनी सुनेला हात मागे बांधायला सांगितले, फक्त मुलाच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगितले आणि म्हणाले, "आता त्याला चेंडू आणायला सांगा." चेंडू दोन हातांवर पडलेला होता. नातू आईकडे गोड हसून पाहत राहिला.

घरी आल्यावर आम्ही तोच खेळ सगळ्या गोष्टींच्या बाबतीत करून पाहिला आणि चकित झालो. "बाप्पा कुठे आहे?" असे विचारले की तो देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडत असे, हे पाहुण्यांना दाखवायचे आमचे हुकमी कौतुक होते. प्रत्यक्षात विचारणारा प्रत्येक जण प्रश्न विचारताना स्वतः देव्हाऱ्याकडे नजर टाकत होता, आणि बहुतेक वेळा आपलेच हात आधी जोडत होता. स्वयंपाकघरात उभे राहून, हात न हलवता तोच प्रश्न विचारला तेव्हा काहीच घडले नाही. मूल हुशार होते. आमच्या नजरा, हातवारे आणि रोजचा क्रम यांवरून त्याने अर्थ लावायचे शिकून घेतले होते आणि त्या हुशारीमागे त्याच्या ऐकण्यातली उणीव झाकली गेली होती. दीड वर्षाच्या मुलाला हातवाऱ्याशिवाय सांगितलेली एका टप्प्याची साधी सूचना, म्हणजे 'बूट आण', 'आजीला दे' अशी, समजली पाहिजे. ज्यांच्या घरात या वयाचे मूल आहे त्यांनी ही परीक्षा जरूर करून पाहावी, आणि करताना घरातल्या इतरांना थोडा वेळ गप्प बसवावे, कारण मदत करण्याची हौस आजी-आजोबांना आवरत नाही.

ढोलाच्या त्या संध्याकाळनंतरच्या आठवड्यात आम्ही चाचण्या करून घेतल्या. जन्मानंतर रुग्णालयात कानांची ओएई ही प्राथमिक तपासणी झाली होती आणि ती 'पास' म्हणून फाइलमध्ये लागलेली होती. आम्ही ती पावती कायमची समजून बसलो होतो. नवजात बालकाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, शंका आल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे आणि तो अतिशय महत्त्वाचा आहे. अतिदक्षता विभागात राहिलेली, रक्त बदलावे लागण्याइतकी तीव्र कावीळ झालेली, मेंदूज्वर होऊन गेलेली किंवा घराण्यात बहिरेपण असलेली मुले यांच्याबाबत तर विशेषच. परंतु जन्माच्या वेळी उत्तम असलेले ऐकणे नंतरही उत्तमच राहते असे नाही. आमचा नातू तेरा महिन्यांचा असताना पाळणाघरात जाऊ लागला आणि त्यानंतर त्याची सर्दी कधी पूर्ण गेलीच नाही. हवेचा दाब बदलून कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीच्या तपासणीत दोन्ही कानांचे आलेख सपाट आले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेले होते. पुढे झोपेत करायची बेरा तपासणी झाली. त्यासाठी मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायचे आणि वाटेत गाडीत झोपू द्यायचे नाही, ही कामगिरी माझ्याकडे होती. कोथरूडपासून दवाखान्यापर्यंत मी रिक्षात जितकी टाळ्या वाजवून गायले तितकी आयुष्यात कधी गायले नसेन. कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवून, कानात आवाज सोडून, मेंदूकडे जाणाऱ्या नसेत लहर उमटते का ते यंत्र पाहते. नस व्यवस्थित होती. अडथळा मधल्या कानातल्या पाण्याचाच होता.

ऑडिओलॉजिस्टबाईंनी आम्हाला ढोलाचे कोडे समजावून सांगितले. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, तर ढोल-ताशा पथकाच्या जवळ आवाज शंभराच्या पुढे जातो. पाण्यामुळे ऐकण्यात साधारण २० ते ४० डेसिबलची घट येते. ढोलातून एवढे वजा केले तरी ढोल उरतोच, शिवाय त्याची थरथर अंगालाही जाणवते. पण बोलण्यातून तेवढे वजा केले तर कुजबुज उरते. त्यातही 'आ', 'ओ' असे स्वर कानावर पडतात आणि 'स', 'श', 'क', 'त' यांच्यासारखी हलकी व्यंजने गळून जातात. मला यात मराठीच्या शिक्षिकेला अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. आपल्या भाषेत शब्दांचे नाते शेवटच्या बारीक अक्षरात असते. 'घरात', 'घराला', 'घराचा' यांच्यातला सगळा फरक शेवटी, आवाज खाली येत असताना, घाईत उच्चारला जातो. ज्याला शेवट ऐकूच येत नाही त्याच्यासाठी हे तिन्ही शब्द 'घरा'च आहेत. म्हणून भांडे आपटून, दार वाजवून किंवा फटाका उडवून मुलाच्या ऐकण्याची खात्री करण्याची पद्धत आपण सोडून द्यायला हवी. शंका असेल तर श्रवणचाचणी, आणि बोलण्याची कोणतीही तक्रार असेल तर सर्वांत आधी श्रवणचाचणी, इतके साधे हे आहे.

पहिल्या वर्षातल्या खुणा मी थोडक्यात सांगते, कारण त्या बहुतेक आयांना ठाऊक असतात. दोन महिन्यांच्या सुमाराला बाळ ओळखीचे हसते आणि हुंकार देऊ लागते. चार-सहा महिन्यांत आवाजाच्या दिशेने मान वळवते, खळखळून हसते. सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'मामामा' अशी साखळी लावते. नवव्या महिन्याच्या आसपास आपल्या नावाला वळून पाहते. वर्षाचे होताना टाटा करते, 'नको' म्हटल्यावर क्षणभर थांबते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते. यात दोन बारकावे आहेत. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे हुंकारावरून कानांची खात्री होत नाही. 'बाबाबा'ची साखळी दहा-अकरा महिन्यांपर्यंत लागली नाही तर मात्र कानांकडे लक्ष गेलेच पाहिजे. आणि सातव्या महिन्यातले 'बाबा' हे वडिलांना उद्देशून नसते. माझ्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने ते मान्य करायला साफ नकार दिला.

शब्द मोजायचे तर शब्द कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. आमच्या स्पीच थेरपिस्टनी नियम दिला तो असा: तोच आवाज, त्याच अर्थाने, मुलाने आपणहून वापरला पाहिजे. उच्चार मोठ्यांसारखा असण्याची अट नाही. त्यामुळे 'भूभू', 'हम्मा', 'माऊ', बाहेर जायचे म्हणून 'भुर्र', जेवणासाठी 'मंमं' हे सगळे शब्दच. आपण म्हटलेल्याची लगेच केलेली नक्कल धरायची नाही. मी एक दोनशे पानी वही घातली आणि त्यात तारखेसह नोंदी सुरू केल्या. पहिल्याच आठवड्यात वाद झाला तो भाषेवरून. सून धारवाडची, माहेरची भाषा कन्नड. नातू दुधाला 'हालु' म्हणे आणि नको असलेल्या गोष्टीला ठसक्यात 'बेडा'. हे मराठी वहीत लिहायचे का? शिवाय माझ्यासाठी तो जे म्हणे ते 'आजी' होते की 'अज्जी', यावर दोन्ही घराण्यांचा दावा होता. थेरपिस्टनी निकाल दिला: दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे.

याच संदर्भातली एक चूक मी लपवत नाही. त्याच्या आधी आमच्याच आग्रहावरून सुनेने महिनाभर मुलाशी कन्नड बोलणे बंद केले होते, एका भाषेवर लक्ष राहावे म्हणून. परिणाम असा झाला की ती त्याच्याशी निम्मेच बोलू लागली. अंगाई, लाड, रागावणे, खोट्या खोट्या भांडणातली मजा हे सगळे तिच्याजवळ कन्नडमध्ये होते. मराठीत तिच्याकडे सूचना होत्या. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही आणि एक भाषा काढून घेतल्याने अडचण सुटत नाही, हे थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्या दिवशी परतताना रिक्षात ती त्याच्याशी जे काही बोलत सुटली त्यातले मला चार शब्दही कळले नाहीत, पण तिचा आवाज ओळखीचा वाटला.

किती वयात काय यावे याचे तक्ते पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे पालक गोंधळतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपला तक्ता बदलला. पूर्वीच्या तक्त्यांत बहुधा निम्म्या मुलांना जे जमते ते त्या वयासमोर लिहिलेले असे. नव्या तक्त्यात चारपैकी किमान तीन मुलांना जे जमते ते लिहिलेले आहे. त्यानुसार दीड वर्षाला आई-बाबांखेरीज किमान तीन शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलणे, अडीच वर्षांना साधारण पन्नास शब्द आणि तीन वर्षांना निदान दोन फेऱ्यांचे संभाषण अपेक्षित आहे. काही वाचातज्ज्ञांना हा तक्ता फार ढिला वाटतो, कारण पन्नास शब्दांची अपेक्षा ते दोन वर्षांनाच ठेवतात. मला यातून घेण्यासारखे वाटले ते असे की नव्या तक्त्यातली रेषा ओलांडली गेली नसेल तर 'प्रत्येक मूल वेगळे असते' हे वाक्य म्हणून थांबायचे नाही. प्रत्येक मूल वेगळे असते हे खरेच आहे, आणि उशिरा बोलू लागलेली बरीच मुले, विशेषतः ज्यांची समज चांगली आहे अशी, पुढे बरोबरीला येतातही. परंतु त्यांतले कोणते येणार आणि कोणते नाही हे दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून घरात बसून ठरवता येत नाही. आम्हाला एका दवाखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, "मुलगा आहे, तीन वर्षांपर्यंत वाट बघा" असे हसत हसत सांगण्यात आले होते. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे बरोबर आहे, पण तो फरक एखाद-दोन महिन्यांचा असतो. आणि वडील उशिरा बोलले होते ही गोष्ट दिलासा म्हणून सांगितली जाते, ती वास्तविक अधिक लक्ष देण्याचे कारण आहे, कारण भाषेच्या अडचणी कुटुंबात चालत येतात.

एक खूण मात्र अशी आहे की तिच्यासाठी कोणताही तक्ता उघडायचा नाही. आलेले शब्द गेले, पूर्वी टाटा करणारे मूल करेनासे झाले, हाकेला वळणारे वळेनासे झाले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

आमच्या नातवाच्या कानांतले पाणी औषधाने गेले नाही. ते जाते आपोआप किंवा मग छोटी शस्त्रक्रिया करून पडद्यात ग्रोमेट नावाची नळी बसवावी लागते. तीन महिने वाट पाहायची, तोवर त्याच्याशी समोर बसून, त्याच्या उंचीवर येऊन, टीव्ही बंद ठेवून बोलायचे, असे ठरले. दिवाळीपर्यंत एक कान मोकळा झाला, संक्रांतीला दुसरा. नळीची वेळ आली नाही. शब्द मात्र पाण्याबरोबर लगेच वाहत आले नाहीत. पाणी हेच सगळ्या उशिराचे कारण होते असे थेरपिस्ट आजही म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही.

थेरपी म्हणजे मुलाला समोर बसवून 'म्हण, पाणी म्हण' असे करणे, ही माझी कल्पना होती. ती पहिल्या दिवशी मोडली. त्या बाईंनी जवळजवळ सगळा वेळ आम्हालाच शिकवले: मूल ज्याकडे पाहते आहे त्याबद्दल बोला, छोटे वाक्य बोला आणि मग थांबा. हे थांबणे मला सर्वांत कठीण गेले. पाच सेकंद गप्प राहणे शिक्षकाच्या स्वभावात नसते. वर्गात उत्तर आले नाही की आपण दुसऱ्याला विचारतो. चिऊ-काऊची गोष्ट सांगताना कावळा दाराशी येऊन हाक मारतो तिथे मी थांबू लागले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या रिकाम्या जागेत नातवाचा आवाज आला. "थांब," तो म्हणाला. चिमणीने दाराआडून द्यायचे ते उत्तर त्याला सगळे ठाऊक होते, आम्हीच त्याला बोलायला जागा देत नव्हतो.

सव्वादोन वर्षांच्या सुमाराला दोन शब्दांची जोडणी सुरू झाली. इथेही एक फसगत आहे. 'काय झालं', 'ये ना' हे मोठ्यांना दोन शब्द दिसतात, पण मुलाने ते एकच शब्द म्हणून उचललेले असतात. त्याने स्वतः जोडलेले 'अजून पोळी', 'बाबा गेला', 'आई बस' हे खरे जोडशब्द. त्यानंतर चुका सुरू झाल्या आणि माझ्यातली शिक्षिका सुखावली. "मी करलं," तो म्हणे. 'करलं' हे रूप त्याला कोणी शिकवलेले नव्हते. 'बसलं', 'पडलं' यांवरून नियम काढून त्याने ते स्वतः घडवले होते. 'केलं' हा अपवाद आहे, दोष भाषेचा आहे. अशा चुका म्हणजे मूल व्याकरण करू लागल्याची पावती, म्हणून त्या हसून किंवा रागावून सुधारायच्या नाहीत, "हो, तू केलंस!" एवढे म्हणून पुढे जायचे. घरात बहुतेक वेळ आई आणि आजीच्या सहवासात असल्यामुळे तो पुष्कळ दिवस "मी येते", "मी खाते" असेही म्हणत असे. त्याबद्दल शेजारी काहींनी भुवया उंचावल्या. तेही अगदी स्वाभाविक आहे. ज्याचे वाक्य ऐकले त्याचेच लिंग वाक्यात येणार. 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदलही दोन-अडीच वर्षांना होते, "तुला पाणी हवं?" म्हणजे 'मला पाणी हवे आहे'. तीन वर्षे उलटून गेल्यावरही तीच राहिली आणि ऐकलेली वाक्येच्या वाक्ये मूल जशीच्या तशी म्हणत राहिले, तर सांगायला हवे.

बोबडे आणि तोतरे या दोन शब्दांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. बोबडेपण उच्चाराचे असते: काकाला 'ताता', राजाला 'लाजा'. अनोळखी माणसाला मुलाचे किती बोलणे कळते यावरून ते मोजायचे, आणि ढोबळ हिशोब असा की दोन वर्षांना निम्मे, तीन वर्षांना पाऊण, चार वर्षांना जवळजवळ सगळे. आईचा निकाल इथे चालत नाही, तिला सगळेच कळते. आम्ही सोसायटीच्या वॉचमनना परीक्षक नेमले होते. तोतरेपण ओघाचे असते. अडीच-तीन वर्षांच्या वयात विचार पुढे धावतात आणि तोंड मागे राहते, तेव्हा बहुतेक मुले काही आठवडे 'मला मला मला' करतात आणि ते निघून जाते. शब्द न अडता पहिले अक्षरच अडू लागले, आवाज ताणला जाऊ लागला, चेहऱ्यावर ताण दिसू लागला, किंवा हे सहा महिन्यांहून अधिक चालले, तर दाखवावे. 'नीट बोल', 'सावकाश बोल' असे सांगितल्याने काही साधत नाही, उलट मूल बोलायला बिचकते.

घरगुती उपायांबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण आमच्याकडेही सहाणेवर वेखंड उगाळले गेले आहे. जिभेला वेखंड आणि मध लावल्याने वाचा फुटते अशी जुनी समजूत आहे. तिचा आदर ठेवूनही सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा बोट्युलिझमचा आजार होऊ शकतो. तसेच 'जीभ चिकटली आहे, कापून घ्या' हा सल्ला. जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर दूध ओढण्यात किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण मूल शब्दच शिकत नाही, सूचनाच समजत नाही, याचे कारण ती जीभ नसते. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की पहिली दोन वर्षे पडद्यासमोर बसवणे टाळावे आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापुढे जाऊ नये. धारवाडच्या अज्जीशी होणारा व्हिडिओ कॉल आम्ही यात धरला नाही, कारण पलीकडचे माणूस उत्तर देते. जेवताना गाणी लावून देण्याची सवय मोडायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्यातले पहिले चार दिवस फार वाईट गेले.

कुठे जायचे हा प्रश्न मला ओळखीतले लोक विचारतात. सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासून. सरकारी व्यवस्थेत गरोदरपणी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात, ते आपण लशींच्या तारखांसाठीच उघडतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना पुढे जिल्हा पातळीवरील उपचार केंद्राकडे पाठवतात. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचे श्रवण व वाचाविषयक महाविद्यालयही आहे. खासगी थेरपिस्टकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नये. पहिल्या भेटीला जन्माच्या वेळची कागदपत्रे, कानांचे अहवाल आणि मूल घरी नेहमीसारखे खेळत-बोलत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्यावेत, कारण दवाखान्यात मुले हमखास मौनव्रत धरतात. आमची वही तिथे फार उपयोगी पडली.

आता तो पावणेचार वर्षांचा आहे आणि वहीत शब्द लिहिणे मी केव्हाच सोडले, कारण हात पुरेना. 'र' अजून आलेला नाही. रविवारला तो 'लविवाल' म्हणतो आणि 'ळ' व 'ल' यांत भेद करत नाही. 'र' बऱ्याच मुलांना उशिराच येतो, त्यासाठी आत्ता घाई नको, असे थेरपिस्टचे मत पडले. पुढची भेट दिवाळीनंतर आहे, आणि थंडीतली सर्दी सुरू होण्याआधी कानही एकदा पुन्हा तपासून घ्यायचे आहेत. या वेळी चिठ्ठी फ्रिजवर लावलेली नाही. तारीखच घेऊन ठेवली आहे.